शेवळाबरोबर काकडं

मृगाच्या आगेमागे ठाणे, कल्याण, पनवेल, पेण, वसईच्या बाजारांत शेवळं येतात. मंडईतल्या पक्क्या गाळ्यांवर ती सहसा दिसत नाहीत. स्टेशनबाहेर, पुलाच्या जिन्याशी, रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या ठाकर, कातकरी, वारली बायकांच्या पुढ्यात ती असतात. वीतभर लांबीची, जांभळट तपकिरी, टोकाकडे निमुळती होत गेलेली, जुड्या बांधलेली. शेजारी हिरव्या गोल फळांचा लहानसा ढीग असतो. ती काकडं. जाणतं गिऱ्हाईक शेवळाची जुडी उचलतानाच काकडंही मागून घेतं. नवखं गिऱ्हाईक नुसती शेवळं पिशवीत टाकून निघालं, तर मावशी त्याला थांबवते. काकडं नको असतील तर घरी चिंच घाला, पण आंबटाशिवाय शिजवू नका, घसा धरेल, हे ती सांगते आणि मगच पैसे घेते.

रानभाज्यांविषयी मला जे सांगायचं आहे, ते सगळं या एका व्यवहारात आलेलं आहे. ती बाई भाजीसोबत भाजीची रीतही देते, आणि त्या रीतीचे पैसे लावत नाही. गेल्या काही वर्षांत रानभाज्यांबद्दल शहरात अपार कुतूहल निर्माण झालंय. त्याचा मला आनंद आहे. पण या कुतूहलात पान तेवढं उचललं जातं आणि रीत तिथेच गोणपाटावर राहते, याची काळजीही वाटते.

शेवळाचंच बघा. ही सुरणाच्या गोतातली वनस्पती. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटाटस. तिचा कंद उन्हाळाभर जमिनीखाली निपचित पडलेला असतो. वळवाचं पाणी मुरलं की तो आधी पान काढत नाही, फुलोरा काढतो. आपण भाजी म्हणून आणतो तो हा न उमललेला फुलोरा आणि त्याच्याभोवतीचं आवरण. फुलोरा उमलला की भाजीची वेळ गेली. काही दिवसांनी त्याच कंदातून ठिपक्याठिपक्यांच्या देठावर छत्रीसारखं पसरणारं एकच मोठं पान वर येतं. त्याला ठाकरवाड्यांत लोत म्हणतात, आणि ते कोवळं, गुंडाळलेलं असतानाच त्याचीही भाजी होते. एकाच कंदाच्या, थोड्या दिवसांच्या अंतराने मिळणाऱ्या या दोन भाज्या. जूनमध्ये शेवळं पाहिलेला माणूस जुलैत त्याच जागी उभा राहिला, तरी ती वनस्पती ओळखेलच असं नाही.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. सुरण, अळू, कोकणातलं तेरं, या सगळ्या गोतात हे स्फटिक असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून शेवळं साफ करताना बाहेरचं आवरण काढतात, दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळसर दाणेदार भाग कापून टाकून देतात, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परततात आणि मग काकडाचा रस घालून शिजवतात. काकड हे डोंगरउतारावरचं मोठं झाड. त्याची आंबट फळं नेमकी याच सुमारास तयार असतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळं कोलंबी किंवा खिमा घालून करतात आणि त्यासाठी वर्षभर वाट पाहतात. वाड्यांवर तीच भाजी सुकट घालून नाहीतर नुसत्या तिखट-मिठावर होते. दोन्हीकडे मसाले वेगळे असले तरी आंबट कुणीच वगळत नाही.

रानभाजी ओळखायची म्हणजे पानाचा आकार ध्यानात ठेवायचा, असं पुस्तकं आणि मोबाइलमधली अ‍ॅप्स आपल्याला शिकवतात. आकार तर हवाच. पण रानातल्या बायका आधी दिवस ओळखतात. टाकळा पहिल्या पावसानंतर उगवतो. तो बोटभर उंचीचा, दोन-चार पानांचा असेपर्यंत भाजीचा. विदर्भात तोच तरोटा. तीन जोड्यांच्या, टोकाकडे गोलसर असलेल्या पर्णिका आणि रात्री मिटणारं पान ही त्याची खूण. श्रावण सरता सरता तो गुडघ्यापर्यंत येतो, पिवळी फुलं धरतो, त्याचा वास उग्र होतो, आणि तेव्हा तो कुणी खुडत नाही. फोडशीचंही तसंच. कुणी तिला कुलू म्हणतं, कुणी कुली. गवतासारखी दिसते, पण पात मऊ, बुडाशी पांढरी. पांढऱ्या फुलांचा दांडा वर आला की पात चिवट होते. कवळा ओळखायला तर हातच लागतो. स्पर्श झाला की त्याच्या बारीक पर्णिका मिटतात. फोटोत हे कसं दिसणार?

टाकळ्याच्या शेजारीच कासविंदा उगवतो. त्याला रानटाकळाही म्हणतात. त्याच्या पर्णिका टोकदार असतात आणि जोड्या जास्त. पिवळी फुलं दोघांचीही. उत्तर प्रदेशात बिजनौर आणि आसपासच्या जिल्ह्यांत दरवर्षी पावसाळा संपल्यावर लहान मुलं अचानक बेशुद्ध होत आणि त्यातली बरीच दगावत. वर्षानुवर्षं हा मेंदूज्वर समजला गेला. डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला, आणि २००७च्या सुमारास दाखवून दिलं की या मुलांनी कासविंद्याच्या शेंगांमधल्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर तो घाला होता. ही झाडं गावाच्या वेशीवर, शाळेच्या वाटेवर, मुलांच्या हाताला येतील अशी वाढलेली होती. आपल्याकडेही ती उकिरड्यावर आणि पडीक जागेवर सर्रास आहेत. दोन भावंडांसारख्या दिसणाऱ्या या रोपांपैकी एक पानात वाढायचं आणि दुसऱ्यापासून मुलांना लांब ठेवायचं, हा फरक गावातली म्हातारी नातवाला चालता चालता सांगत असे. आज नातू तिच्याबरोबर चालतो का, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

सोपा नियम हवा, अशी शहरी माणसाची मागणी असते. सगळ्या रानाला लागू पडेल असा एखादा नियम सांगा, म्हणतात. असा नियम नाही. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला की ते टाकावं, हे घोळीपुरतं उत्तम आहे. घोळ मांसल, लालसर देठाची, जमिनीवर पसरणारी, आणि तिच्यासारखीच पसरणारी नायटी चीक सोडते. पण पाथरीलाही चीक असतो आणि पाथरी तर देशावर कच्चीसुद्धा भाकरीबरोबर खातात. कडू लागलं की औषधी, असं मानणारेही पुष्कळ आहेत. भारंगीची कोवळी पानं कडसर असतात. ती उकडून, पाणी पिळून टाकून, वालाबरोबर नाहीतर नुसत्या कांद्यावर करतात, आणि राहिलेला कडूपणा सोसूनच खातात. दुधी भोपळा मात्र कडू निघाला तर तो घास थुंकून टाकायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्यावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे. तो कडूपणा कुकुर्बिटॅसिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली चिरडतात त्या कारिटाचा कडूपणाही याच द्रव्यांचा. भारंगीचा कडूपणा चालतो, दुधीचा चालत नाही, कारीट तोंडात घालायचं नसतं. ज्याचं त्याचं निराळं शिकावं लागतं.

अळंब्यांच्या बाबतीत तर सोप्या नियमांनी जीव घेतलेत. लसूण टाकून ती काळी पडली तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, चांदीचा चमचा घालून पाहा, असे तोडगे अजून ऐकायला मिळतात. यातला एकही भरवशाचा नाही. विषारी अळंबी किडे आनंदाने खातात. पावसाळ्यात बागेतल्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात. त्यांतल्या एका जातीच्या खालच्या पडद्या पिकल्यावर हिरवट होतात. ती दिसायला फार सुरेख असते, आणि खाणारा काही तासांत उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. कोकणातली आणि गोव्यातली माणसं रोवणाची अळंबी ओळखतात ती टोपीवरून कमी आणि जागेवरून जास्त. ही अळंबी वाळवीच्या वारुळावर येते. वारुळात वाळवी पाल्यापाचोळ्यावर बुरशीचं शेत करते. त्या बुरशीचा हा फुलोरा. म्हणून देठ खाली मुळासारखा लांब, थेट वारुळातल्या त्या शेतापर्यंत गेलेला असतो. विदर्भात त्यांना सात्या म्हणतात. वाळवीशिवाय ही बुरशी जगत नाही, त्यामुळे तिची लागवड माणसाला जमलेली नाही. ठरलेल्या वारुळावर ठरलेल्या नक्षत्रात ती येते आणि ते ठिकाण घरातलं गुपित असतं. ज्याला वारूळ दाखवणारं कुणी नाही, त्याने रानची अळंबी तोडू नये. बाजारातून, ओळखीच्या बाईकडून घ्यावी. हे मी कळवळून सांगतो.

बांबूच्या कोंबाला वेगळा संस्कार लागतो. कोवळ्या कोंबात पोटात गेल्यावर सायनाइड सुटेल अशी द्रव्यं असतात. कोंब सोलून, बारीक चिरून, एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवला किंवा उकळून पाणी टाकून दिलं की ती निघून जातात. कोकणातल्या घरात हे कारण कुणी सांगत नाही. पाणी बदलायचं असतं, एवढंच सांगतात, आणि सून ते सासूकडून उचलते.

हे ज्ञान कुठून आलं, याचा विचार करताना भुकेला टाळता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड १८८६ साली निघाला. तो वनस्पतींना वाहिलेला आहे. त्यातला उपयुक्त वनस्पतींचा भाग डॉ. लिस्बोआ या गोवेकर डॉक्टरांनी लिहिला आणि त्यात १८७७-७८च्या दुष्काळात लोकांनी रानातलं काय काय खाल्लं त्याची नोंद केली. सरकारी ग्रंथात रानभाजी आली ती दुष्काळाच्या वाटेने. चांगल्या वर्षीही आषाढ-श्रावणात डोंगरातल्या घरांची कणगी तळाला गेलेली असते. भात आणि नागली हाती यायला अजून अवकाश असतो. हातात लावणीचं काम, पोटात खड्डा आणि भोवती हिरवं रान. त्या दोन महिन्यांत आजच्या महोत्सवांत मांडल्या जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या भाज्या येतात. कुरडू, कवळा, लोत, दिंडा, भारंगी, करटोली, चाईच्या वेलाचा मोहोर.

म्हणून रानभाजीला आरोग्याचा खजिना म्हणताना जपून बोलायला हवं. त्यांत लोह आहे, चुना आहे, जीवनसत्त्वं आहेत, हे खरंच. पण १९९२-९३मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला, तेव्हाही त्या डोंगरांत टाकळा आणि कुरडू उगवतच होते. पालेभाजी भाकरीच्या जागी बसत नाही. ती भाकरीशेजारी लागते. ज्यांच्या घरात ही विद्या आहे त्यांच्याच ताटात धान्य कमी, ही गोष्ट कुठल्याही पाककृतीच्या आधी मनात असावी.

बाकीच्या महाराष्ट्राने रानातल्या भाजीवर दिवस काढण्याची आठवण एका व्रतात जपली आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीला, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर न लागलेल्या जमिनीतलं, हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच. अळू, माठ, सुरण, कोकणात पाणथळीत आपसूक उगवणारा देवभात. माझ्या मते हा वर्षातला फार शहाणा दिवस आहे. मात्र आज त्या दिवशी मंडईत मिळणारी ‘ऋषीची भाजी’ बहुतेक सगळी लागवडीची असते आणि ती जुडी बांधणाऱ्यालाही हे माहीत असतं.

अलीकडे ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास राज्याचा कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. टेबलांवर पांढरे कागद, त्यावर भाज्यांच्या जुड्या, पुढे नावाच्या चिठ्ठ्या. बचत गटांच्या बायका भाज्या रांधून आणतात. चार पैसे त्यांच्या हाती पडतात आणि शहरातल्या मुलांना फोडशी दिसते, हे चांगलंच आहे. मला त्यात खटकतं ते चिठ्ठ्यांवरचं लिखाण. मधुमेहावर गुणकारी, रक्तशुद्धी करते, मूतखडा विरघळतो, असं त्यावर असतं. कोणता भाग टाकायचा, किती पाण्यात उकळायचं, कोणत्या महिन्यानंतर खायचं नाही, हे बहुधा नसतं. टेबलामागे उभ्या असलेल्या ताईला ते पाठ असतं. चिठ्ठी तिने लिहिलेली नसते.

मागणी वाढली की रानावर ताण येतो, हे फोडशीच्या गोतात आधीच घडून गेलंय. सफेद मुसळी ही फोडशीचीच सख्खी. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिची नोंद केली आणि बोरिवलीचं नाव तिला दिलं. आज लोकलच्या फलाटांनी भरलेल्या त्या गावाच्या डोंगरावर ती उगवत होती. भाजीवाल्या बायका तिच्या जातीची पात वरच्या वर कापत, मुळाला हात लावत नसत, आणि पुढच्या पावसात ती पुन्हा येई. पण ताकदीचं औषध म्हणून तिच्या पांढऱ्या मुळांना बाजारात भाव आला आणि रानोमाळ ती मुळासकट उपटली गेली. शेवळाचाही धोका याच जातीचा आहे. आपण खातो तो फुलोरा. एखाद्या उतारावरचे सगळे फुलोरे दरवर्षी खुडले, तर बी धरायला काही उरत नाही. जुने कंद काही वर्षं शेवळं देत राहतात, त्यामुळे घट लवकर दिसत नाही. वाडीतली माणसं एक उतार खुडून दुसरा सोडत. व्यापारी सांगेल तेवढा माल भरायचा म्हटलं की सोडणं परवडत नाही.

दुसरा घाव अधिक मोठा आहे आणि तो शेतात बसतो. रानभाजी म्हटलं की आपल्याला घनदाट जंगल दिसतं, पण कुरडू, पाथरी, तांदुळजा, घोळ, चिवळ या शेतातल्या आणि बांधावरच्या. खुरपायला गेलेल्या बायका संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन घरी येत. मजूर मिळेना म्हणून तणनाशकाची फवारणी आली. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, मी त्याला दोष देत नाही. पण पंपातल्या त्या औषधाला कुरडू आणि गवत यांत फरक कळत नाही. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात कित्येक गावांत आता पाथरी शोधावी लागते. आणि जिथे ती दिसते तिथेही कालपरवा फवारणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय खुडू नये. रेल्वेच्या रुळांकडेची, नाल्याकाठची, महामार्गालगतची भाजी तर नकोच, मग ती कितीही लुसलुशीत असो.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली. २०२०च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. भाताचं, वालाचं, भाज्यांचं बी मडक्यात, राखेत जपता येतं हे त्यांनी सगळ्यांना दाखवून दिलं. शेवळाला मडकं चालत नाही. त्याला कातळाच्या कुशीतली माती, वरची सावली आणि वेळेवर पडणारा वळीव लागतो. तो उतार राहिला तरच शेवळं राहतात. उतार कुणाच्या ताब्यात आहे, यावर मग सगळं येऊन ठेपतं. २००६च्या वन हक्क कायद्याने बांबू, मध, कंद, मुळं, औषधी वनस्पती यांना गौण वनोपज म्हटलं आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क परंपरेने रानावर जगणाऱ्यांना दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होतं. गावसभा बसते, आपल्या जंगलातून काय, किती आणि केव्हा काढायचं हे ठरवते. जिथे असा हक्क कागदावर अडकला आहे, तिथली बाई पहाटेची लोकल पकडून भाजीची पाटी घेऊन शहरात येते, फुटपाथवर बसते आणि तिथूनही उठवली जाते. रानभाजीवर प्रेम असलेल्या माणसाने तिच्याशी जुडीमागे दहा रुपयांची घासाघीस करू नये. तिला विचारावं, ऐकावं, लिहून घ्यावं. वाटलं तर तिच्या वाडीवर जाऊन तिच्यामागून चालावं, आणि ती खुडेल तेच खुडावं.

पावसाळा सरला की पालेभाज्या सरतात आणि कंदांचे दिवस सुरू होतात. कोकणात करांदे निघतात. परसातले करांदे नुसते मीठ घालून उकडले की गोड लागतात. रानातले कडू. त्यांचे वेल वाळून तुटायच्या आधी जागा हेरून ठेवावी लागते, नाहीतर मागाहून माती सगळीकडे सारखीच दिसते. खणणारी माणसं कंद काढून घेतात आणि वेलाकडचं टोक खड्ड्यात ठेवून माती लोटतात. घरी आणलेला कडू करांदा सोलून पातळ कापा करतात, राख घातलेल्या पाण्यात उकळतात, मग टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात. सकाळी घरातलं मोठं माणूस एक काप चाखून बघतं. कडू लागला तर टोपली आणखी एक रात्र पाण्यात राहते, आणि त्या दिवशी मुलांना तो कंद मिळत नाही.